चालतंय ना? मग हात लावू नका!

शेठ, पैसे मशीनवर घाला, टेम्पोवर घाला, दिवाळीला गिऱ्हाइकांना वाटायच्या सोनपापडीवर घाला. कॉम्प्युटरवर मात्र घालू नका. तो खर्च लिहून ठेवायला घेतलाय, करायला नाही.

सर्व्हरची जागा जिन्याखालीच बरी. फिनेलची बाटली आणि मोडका टेबलफॅन तिथं असतोच, त्याला सोबत होते. त्यात विंडोज ७ असेल तर सोन्याहून पिवळं. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० नंतर त्याच्या मोफत दुरुस्त्या पाठवणं बंद केलं. म्हणजे त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नाही, असा सरळ अर्थ घ्यावा. दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ, एवढी देखभाल वर्षाला पुरते. (कुंकू कीबोर्डात गेलं तर एंटर तेवढं अडतं.)

अपडेटचा चौकोन आला की 'नंतर' दाबावं. मार्चएंड असतो, मग जीएसटीचं रिटर्न, मग गणपती, मग दिवाळी. मुहूर्त सापडत नाही, तुमचा काय दोष? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांवर कॉम्प्युटर कुलूपबंद केले. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. दोन महिने फुकट पडून होतं, आणि फुकटच्या मालाला उठाव नसतो हे धंदेवाल्याला काय सांगावं!

त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या व्हायरसनं मर्स्क या मालवाहू जहाजांच्या कंपनीला आडवं केलं आणि इकडे न्हावा-शेव्याच्या टर्मिनलवर कंटेनर अडकले. कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कची किल्ली ठेवणारे सर्व्हर पुसले गेले. एक घानात वाचला. का? तर तिथली वीज गेली होती! म्हणजे आपल्याकडे हे खातं वीज मंडळ कधीपासून सांभाळतंय. वेगळा माणूस नेमून पगार कशाला द्यायचा?

आणि अगदीच लागला तर भाचा आहे. अँटिव्हायरस विकत घेण्यापेक्षा तो त्याचा क्रॅक, म्हणजे फुकटात चालवायचा चोरटा जुगाड, टाकून देतो. तो क्रॅक चालायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, एवढीच एक अडचण.

पासवर्ड एकच असावा, तुमच्या गाडीचा नंबर, आणि तो स्क्रीनवर पिवळ्या चिठ्ठीत चिकटवावा. चहावाल्या पोऱ्यालाही पाठ असला की आपण गावाला गेलो तरी काम अडत नाही. नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचं लॉगिन बंद करू नये. माणुसकी म्हणून काही असते.

बॅकअपची डिस्क मात्र जरूर घ्या आणि सर्व्हरला कायमची लावून ठेवा. सारखी काढघाल केली की पिन ढिली होते. खंडणी मागणारा व्हायरस येतो तेव्हा सर्व्हरबरोबर तीही कुलूपबंद करून जातो. त्याला दोन फेऱ्या पडत नाहीत.

असा प्रकार कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवावं, असा एप्रिल २०२२ चा सरकारी आदेश आहे. त्यातले साडेपाच तास भाच्याचा फोन लागायला जातात. उरलेल्या अर्ध्या तासात लोखंडी कपाटातला, चिकटपट्टीवर 'टॅली बॅकअप फायनल' लिहिलेला पेनड्राइव्ह शोधावा. त्यात थोरलीच्या हळदीचे चारशे फोटो निघतात. छान आलेत. मामांचे डोळे मिटलेला एकही नाही.