निम्मा आरएनए म्हणजे निम्मं जनुक नव्हे

जनुक बदललेल्या उंदरांच्या ग्लोमेरुलसमध्ये (मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गुच्छांत) नेफ्रिन या गाळणीतल्या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे त्याच्या जनुकाची कामापुरती नक्कल, निम्म्यावर आला, म्हणजे ते जनुक मंदावलं, असं मी तपासत असलेल्या एका शोधलेखात म्हटलंय. घाई होतेय. नेफ्रिन बनवणाऱ्या पोडोसाइट पेशीच सुटून लघवीवाटे गेल्या असतील तरी आकडा असाच दिसतो. डब्ल्यूटी-१ने (पोडोसाइटच्या केंद्रकातलं ओळखीचं प्रथिन) रंगवून पेशी मोजल्याशिवाय काही सांगता येत नाही.

दुसरं, ग्लोमेरुलस वेगळे कसे केले? नेहमीची रीत अशी: हृदयातून ४० मिली द्रावणात ४.५ मायक्रॉनचे ८ कोटी चुंबकी मणी सोडायचे (ते ग्लोमेरुलसमध्ये अडकतात, म्हणून शेवटी ग्लोमेरुलस चुंबकाने ओढून घेता येतात), मूत्रपिंड बारीक चिरून कोलॅजिनेज या ऊती सैल करणाऱ्या विकरात ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवायचं, मग १०० मायक्रॉनची चाळणी. पहिल्यांदा हलकं दाबून, दुसऱ्यांदा नुसतं ओतून. आमच्या सांगलीत हळद चाळणाऱ्याला हे सांगायला नको: जोर लावला की नको तेही खाली उतरतं, इथे नलिकांचे तुकडे. नमुन्यात मेगॅलिन या नलिकांमधल्या प्रथिनाचा आरएनए भरपूर दिसला की समजायचं. त्या गरम अर्ध्या तासात फॉस, जून ही ताणाची जनुकंही आपसूक वर जातात; ती रोगाची खूण नव्हे. बाकी सगळं काम बर्फावर.

आणि तुलना एकाच वेतातल्या, एकाच लिंगाच्या भावंडांशी हवी. नुसतं क्री (जनुक कापायला वापरतात ते विकर) असलेला, पण जनुक न बदललेला गट तर लेखात कुठेच नाही.