त्या बाटलीत पार्किन्सन्सचं औषध नाही

फोंड्याच्या मावशीने काल मला एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवला. काकांना पार्किन्सन्स आहे, म्हणून खाली विचारलं होतं, "काकांना हे मिळेल गो?" मेसेजचा दावा असा: ‘टायरोसिन हायड्रॉक्सिलेज अँटिबॉडी’चं इंजेक्शन घेतलं की मेंदूत डोपामाइन हे हालचालींसाठी लागणारं रसायन परत तयार होतं, पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपाच्या गोळ्या बंद करता येतात, आणि कंपन्या ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापून हे लोकांपासून लपवतात. (टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे मेंदूतलं एक एन्झाइम, आणि अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारं प्रथिन.) सोबत मेंदूचे दोन फोटो, ‘इंजेक्शनाआधी’ फिकट, ‘नंतर’ गडद तपकिरी.

आधी फोटोच घेऊ, कारण मावशी त्यांनाच भुलली. प्रयोगशाळेत हे काम मी स्वतः केलंय. असा फोटो काढायला प्राणी मेलेला असावा लागतो. मेंदू फॉर्मॅल्डिहाइडमध्ये टिकवायचा, पातळ काप करायचे, डिटर्जंटने पेशींच्या आवरणाला भोकं पाडायची, वर अँटिबॉडी घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. मग दुसरी अँटिबॉडी, मग रंग. जिथे ते एन्झाइम आहे तिथेच तपकिरी चढतं. काप केलेल्या मेंदूला ‘नंतर’ कुठून येणार? ते दोन वेगळे मेंदू आहेत, एकात एन्झाइम कमी, दुसऱ्यात भरपूर. अँटिबॉडी एन्झाइम कुठे आहे ते दाखवते, तयार करत नाही.

टोचून घेतली तरी एवढा मोठा रेणू रक्तातून मेंदूत जेमतेम पोचतो, आणि एन्झाइम तर पेशीच्या आत. त्यात ही अँटिबॉडी सशाच्या नाहीतर उंदराच्या प्रथिनाची, बाटलीत ती टिकावी म्हणून अनेकदा सोडियम अझाइड हे विष घातलेलं. माणसाला टोचण्यासाठी तिची कसलीच तपासणी झालेली नसते. लेबलवरची ‘फक्त संशोधनासाठी’ ही ओळ यासाठी असते, लपवण्यासाठी नव्हे.

मेसेजमध्ये ही अँटिबॉडी ‘शंभर टक्के अचूक’ म्हणे! २०२३ साली ‘ईलाइफ’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडी तपासल्या. निम्म्याहून जास्त कुठल्या ना कुठल्या चाचणीत नापास झाल्या. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ही गत.

अँटिबॉडी औषध असू शकतात, हे मान्य. अल्झायमरसाठी लेकॅनेमॅब या अँटिबॉडीला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पण ती माणसासाठी बनवलेली, माणसांवर चाचण्या झालेली, आणि तिचं लक्ष्य पेशीबाहेर साचणारं अमायलॉइड हे प्रथिन. पार्किन्सन्समध्ये हे एन्झाइम घटतं, हेही खरं.

आणि गोळ्या बंद करा म्हणणं? याचा मला सगळ्यात जास्त राग आला. हे एन्झाइम टायरोसिन या अमिनो आम्लापासून लेव्होडोपा बनवतं, त्याचंच पुढे डोपामाइन होतं. म्हणजे एन्झाइमने जे बनवायचं, तेच काकांची गोळी थेट देते. ती एकाएकी थांबवली तर अंग लाकडासारखं ताठ होतं, जोराचा ताप चढू शकतो, जीवही जाऊ शकतो. कुणी हा मेसेज वाचून डोस चुकवला असेल, तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा, नाहीतर सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या.