सावली सोडून सगळं मिळालं

हे लिहिताना मी कॅनोपीवर बसलोय. खाली नाही, वर. कॅनोपी म्हणजे ते चार पायांचं, उघडमिट करायचं कापडी छप्पर. ती परत पिशवीत जात नाहीये म्हणून पिशवीवर बसून चेन ओढतोय आणि चेन अर्ध्यावर येऊन दात विचकून थांबलीये, म्हटलं तेवढ्यात टाइप तरी करू, नाहीतर आज घरातल्या कोणावर तरी विनाकारण ओरडेन.

तर १० बाय १० फूट.

खोक्यावर १० बाय १०, साइटवर १० बाय १०, पिशवीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरात १० बाय १०, आणि काल टेप लावून वरचं कापड मोजलं तर ८ बाय ८. परत मोजलं. मग वाटलं आपला टेपच जुना झालाय, भाऊजींचा आणला. ८ बाय ८. मग फोन लावला, १५ मिनिटं ते संगीत ऐकलं, आणि पलीकडचा मुलगा अगदी शांतपणे म्हणतो, "सर, १० बाय १० हे बेसचं माप आहे." बेसचं म्हणजे? "पायांचं, सर." म्हणजे पाय खाली तिरके फाकलेत ना, ते जमिनीला जिथे टेकतात तिथलं अंतर १० फूट. अरे पण पायांमधली जमीन मी तुझ्याकडून घेतलीच नाहीये! ती आधीपासून तिथेच होती, फुकट! मी वरचं घेतलंय, ज्याची सावली पडते ते. टोपी विकताना कोणी खांद्यांचं माप सांगतं का?

१० बाय १० म्हणजे १०० चौरस फूट. ८ बाय ८ म्हणजे ६४. ३६ चौरस फूट हवेत गेले. छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच असणार.

आणि हे कुठे कळलं तर घरी नाही, भर मैदानात, ताईच्या स्टॉलवर. ताई रोपं विकते, हौसेने, आणि तिला पहिल्यांदाच उघड्यावर जागा मिळाली होती. जागा किती? १० बाय १०. चुन्याने आखून दिलेली. म्हणजे कॅनोपीच्या पायांनी अख्खी जागा खाल्ली, बरोब्बर रेषेवर रेष, आणि वर छप्पर मधल्यामध्ये आक्रसलेलं, उंच मुलाला धाकट्याचा शर्ट घातल्यासारखं. समोरचं टेबल उन्हात. टेबलावर फर्न. प्रत्येक कुंडीला ताईने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावलेली, "थेट उन्हात ठेवू नये". गिऱ्हाईक येतंय, चिठ्ठी वाचतंय, वर सूर्याकडे बघतंय, मग ताईकडे बघतंय. एक बाई तर म्हणाल्या, "तुम्हीच ठेवलंय की उन्हात." ताई काही बोलली नाही. माझ्याकडे बघितलं फक्त. तिने लहानपणी असं बघितलं की मी पळायचो, आता वय राहिलं नाही.

टेबल आत ओढलं तर माणसांना उभं राहायला जागा नाही, कारण पाय. मागच्या खोक्यांना मात्र गारेगार सावली होती. खोकी रिकामी होती.

बरं हे दुपारचं झालं. चारनंतर काय होतं ते यांच्या कुठल्या फोटोत दाखवत नाहीत. सूर्य कलला की सावली आपल्याखालून निघून जाते. साधा हिशोब आहे, सूर्य ४५ अंशांवर आला की छपराची कड जमिनीपासून जेवढी उंच तेवढीच सावली पुढे सरकते. आमची कड साडेसहा फुटांवर. म्हणजे ८ फुटांच्या सावलीतली साडेसहा फूट छपराच्या बाहेर आणि छपराखाली उरते दीड फूट. सूर्य ३० अंशांवर आला की ती सरकते ११ फुटांच्या वर, म्हणजे कॅनोपी आपली आणि सावली पूर्णपणे दुसऱ्याची. पलीकडच्या स्टॉलवरचे काका खुर्ची टाकून आमच्या सावलीत बसले होते. वर मलाच म्हणाले, चांगली आहे हो तुमची कॅनोपी. यावर उपाय आहे म्हणे, बाजूला लावायचा पडदा. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, वेगळा घ्यावा लागेल.

वेगळा घ्यावा लागेल यावरून आठवलं. सँडबॅग! "सोबत ४ सँडबॅग मोफत." मी त्याच भरवशावर घेतली. उघडून बघतो तर चार चपट्या पिशव्या. बॅग दिली, सँड आपली आपण बघायची. आणि एका पायाला साधारण १८ किलो तरी वजन बांधा असं जाणकार सांगतात, म्हणजे चार पायांना ७२ किलो, आणि कॅनोपी स्वतः सगळी मिळून १४ किलोची. नाकापेक्षा मोती जड ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे नक्की कॅनोपी असणार. मग काय, पाण्याचे कॅन बांधले. पाणी एका लिटरला एक किलो, म्हणजे १८ किलोला १८ लिटर, ते कॅन भरून आणायचे आणि संध्याकाळी ओतून द्यायचे. माझं वय, माझी कंबर. खिळेही दिलेत सोबत, नाही असं नाही. पहिला खिळा टणक जमिनीत ठोकला तर तो वाकून परत माझ्याकडेच बघायला लागला. आणि डांबरी किंवा फरशीच्या जागेवर खिळा कुठे ठोकायचा, सांगाल का? यांच्या सगळ्या फोटोंत नेहमी हिरवळच असते. मऊ, कापलेली, वारा नसलेली हिरवळ.

फोटोंचं तर बोलूच नका. ८ बाय ८ च्या कापडाखाली १२ माणसं, एक लांबलचक टेबल, दोन मुलं आणि एक कुत्रा, सगळे हसतायत. माणसं कापून छोटी करून चिकटवलीत हे शेंबडं पोरही सांगेल. एका फोटोत तर कुत्र्याची सावली एका बाजूला आणि कॅनोपीची दुसऱ्या बाजूला पडलीये. दोन सूर्य आहेत तिथे.

आणि "एकटा माणूस, ६० सेकंद". हो का? एकट्याने एक कोपरा ताणला की समोरचा कोपरा चालत माझ्याकडे येतो. तिकडे जाऊन तो ओढला की हा येतो. मी २० मिनिटं त्या सांगाड्याभोवती फिरत होतो, लोकांना वाटलं असेल काही कार्यक्रम आहे. शेवटी काकांनीच समोरचा पाय धरला, तेव्हा उघडली. मग पाय लांब करायचं ते बटण, जे दाबताना आत जात नाही आणि जातं तेव्हा अंगठ्याची कातडी घेऊन जातं. नखाखाली रक्त साकळलंय, हे सगळं एका अंगठ्याने टाइप करतोय, चुका असतील तर समजून घ्या.

मागची कॅनोपी कशी गेली ते सांगितलंच नाही ना मी. ती बिचारी पावसाने मेली. "वॉटरप्रूफ" होती. पाणी खरंच खाली आलं नाही, एक थेंब नाही, सगळं वरच साठलं. कापड सैल, उतार नावालाच, रात्रीत मधोमध पोट सुटलं. आता एक चौरस मीटर जागेत ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे ५० लिटर, ५० किलो. एक अख्खा माणूस छपरावर झोपला म्हणा. सकाळी सांगाड्याच्या कैचीसारख्या पट्ट्या वाकलेल्या आणि प्लॅस्टिकचा एक जॉइंट तुटलेला, एवढासा, काडेपेटीएवढा. तो मिळतो का सुटा? नाही मिळत. लोखंडी सांगाडा, पावडर कोटिंग, हेवी ड्युटी, सगळं ठीक, पण सगळा भार ज्याच्यावर तो तुकडा खेळण्यातल्या प्लॅस्टिकचा. पत्र्याची जाडी किती ते कुठेच लिहीत नाहीत, रंग मात्र सात. वॉरंटीत काय बसतं विचारलं तर वारा नाही, पाऊस नाही, ऊन लागून विरलेलं कापड नाही. मग राहिलं काय? कपाटात ठेवलेली असताना काही झालं तर देतील बहुतेक.

तिच्याही आधीच्या कॅनोपीचं कापड फाटलं होतं, सांगाडा ठणठणीत. म्हटलं कापड बदलू. सुटं कापड मिळालं ३ बाय ३ मीटरचं. दुकानदार म्हणाला तेच हो, ३ मीटर म्हणजेच १० फूट. नाही हो तेच! १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. पाच सेंटीमीटर. तीन कोपरे बसले आणि चौथा, दोघांनी लोंबकळलो तरी, नाही. पाच सेंटीमीटरसाठी माणूस किती शिव्या देऊ शकतो हे तेव्हा घरच्यांना कळलं.

आणि परीक्षणं लिहिणारे लोक, तुमच्यासाठी वेगळी जागा राखून ठेवलीये वर कुठेतरी. "अजून उघडली नाही पण पॅकिंग छान, पाच स्टार." खोकं घ्यायचं होतं तर खोकं घ्यायचं ना! "नवऱ्याला आवडली." नवऱ्याला विचारा पाय सरळ आहेत का तिरके. शेकडो परीक्षणं वाचली मी, एकाने, एकानेही, वरचं कापड मोजलं नाही.

आता इथे खरं सांगायला हवं, कारण भाऊजी हे वाचतील.

ही कॅनोपी मी निवडली. तीन रात्री जागून. बावीस टॅब उघडे ठेवून. भाऊजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, सरळ पायांची घ्या, थोडे जास्त जातील पण वर-खाली माप एकच राहतं. आणि मी काय केलं? त्यांना डेनियरवर व्याख्यान दिलं. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचं वजन ग्रॅममध्ये, ६०० डेनियर म्हणजे ते सूत ६०० ग्रॅम भरतं, आकडा जितका मोठा तितकं सूत जाड, असं बोट वर करून सांगितलं मी. वीण किती घट्ट आणि आतला कोट कसा ते या आकड्यात कळत नाही, हे सोयीस्करपणे गाळलं. मग यूपीएफ ५०, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा पन्नासातला एकच भाग कापडातून आत येतो, दोनच टक्के, ऐका भाऊजी. ते "हो का, बरं" म्हणत होते. दोन टक्के कापडातून येतं हो, उरलेलं बाजूने सरळ चालत येतं, त्याचं काय हे मीही त्यांना सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. आणि एवढं सगळं ज्ञान पाजळून शेवटी केलं काय तर किंमत कमी ते जास्त अशी यादी लावली आणि वरून तिसरी घेतली. पहिली नाही घेतली, कारण मी काही अगदीच मूर्ख नाही असं मला तेव्हा वाटत होतं.

आणि काल रात्री तो फोटो परत उघडला, तावातावाने, पुरावा म्हणून काढून ठेवायला. पाय तिरके आहेत. स्पष्ट दिसतायत. हिरवळीवर, दोन सूर्यांखाली, चारही पाय फाकवून उभी आहे ती. तीन रात्री मी कुत्र्याच्या सावलीसकट सगळं बघितलं, पाय बघितले नाहीत.

तरीही १० बाय १० लिहायचं नाही! हे मी सोडणार नाहीये. पाय दिसले म्हणून काय झालं.

परत करायचं ठरवलंय. तर अट अशी की मूळ पॅकिंगमध्ये, मूळ पिशवीत हवी. ती पिशवी कारखान्यात कुठल्या यंत्राने भरली देव जाणे, कारण घरात कोणाच्याने ती परत भरली जात नाहीये. कापड बाहेर काढून, घडी घालून, सांगाडा आवळून, पायाने दाबून, सगळं करून झालं. एक पाय बाहेर राहतोच. तिरका.

आत्ता चेनीचा खटका हातात आला. नुसता खटका. चेन जिथे होती तिथेच आहे.

ताईचा फोन येऊन गेला मघाशी. पुढच्या वेळी पण जागा मिळालीये म्हणाली, या वेळी कडेची, झाडाजवळची. रोपं गेली ती गेली, चार फर्न परत फुटतील असं वाटतंय. मग जरा थांबून म्हणाली, "तुझा तो तंबू आणशील ना रे? खोकी ठेवायला बरा आहे."

आणतो म्हटलं.