धावण्याच्या बुटांबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

पणजी-फोंड्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'दहा हजारांखालचे बूट घालून धावलात तर गुडघे झिजतात, आणि 500 किलोमीटर झाले की बूट फेकायलाच हवेत.' सरसकट असं काही नाही.

आधी गुडघ्यांचं बघू, कारण घाबरून लोक धावणंच सोडतात. 2017 साली बरेच अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात हौशी धावपटूंपैकी 3.5 टक्के लोकांत दिसला, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत 10.2 टक्के. स्पर्धात्मक धावपटूंत मात्र 13.3, म्हणजे भीती अगदीच हवेतली नाही. धावल्यानेच गुडघे वाचले असं यातून सिद्ध होत नाही, पण हौसेचं धावणं गुडघे खातं असंही दिसत नाही.

500 ते 800 किलोमीटर हा बुटांचा ढोबळ अंदाज आहे, औषधासारखी एक्सपायरी नव्हे. टाच एका बाजूला घासली, तळाचा फोम निबर लागू लागला, की बदला. किंमत बघण्यापेक्षा संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, घालून बघा. अंगठ्यापुढे जागा हवी. शर्यतीचे महागडे बूट तर बरेचदा लवकर झिजतात! पावसाळ्यात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, कडक उन्हात ठेवू नका.

ओहोटीला मिरामारच्या घट्ट वाळूवर धावायला तर एक पैसाही लागत नाही. तो मेसेज आला तर कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.