पिशवीतलं लॉगबुक

डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना कंटाळा असेल त्यांनी पुढे सरका.

आज १६ डिसेंबर. विजय दिवसाच्या एका कार्यक्रमात आमच्या ओळखीतल्या एका काकांचा सत्कार होता. हवाई दलात पायलट होते; १९७१ च्या युद्धात पंजाबातल्या आदमपूरहून सुखोई-७ हे लढाऊ विमान घेऊन जम्मूकडच्या छांब आघाडीवर जायचे. त्यांना न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे. मी पोचलो तर काका ब्लेझर घालून, मेडल्स लावून दारातच उभे. हातात एक कापडी पिशवी.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा. तोवर ऐंशीला टेकलेला हा माणूस स्टेजवर ताठ बसून, पिशवी मांडीवर. मग शाल, श्रीफळ, फोटो. आणि निवेदिका म्हणते, "काका, दोन मिनिटांत अनुभव सांगा हं!"

दोन मिनिटं. पाहुणे पाऊण तास बोलले. त्यात काकांचं नाव एकदा आलं, तेही चुकीचं.

आयोजकांचा हेतू चांगला होता, निदान बोलावलं तरी. ठीक आहे, मान्य.

पण आपल्या हवाई दलाचे पायलट देवय्या आठवतात का कुणाला? ७ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावरचा हल्ला. ते खरं तर राखीव होते. तरी मिस्टेअर विमान घेऊन गेले आणि त्याहून कितीतरी वेगवान असं पाकिस्तानी स्टारफायटर विमान पाडलं. परत आले नाहीत. आपल्याला हे कळलं पलीकडच्यांच्या हकिगतीवरून, कित्येक वर्षांनी. महावीर चक्र मिळालं १९८८ मध्ये. २३ वर्षं! आपल्या माणसाचा पराक्रम आपल्याला शत्रूने सांगावा लागला.

तिथे सांगायला माणूसच परतला नव्हता. इथे तर तो समोर बसलाय, पिशवी मांडीवर घेऊन. त्या पिशवीत काय आहे हे विचारायचं एकालाही सुचू नये?

(मलाही सुचलं नव्हतं. इतकी वर्षं ओळखतो, कायम गुडघेदुखी आणि क्रिकेटवर बोललो.)

परतताना सिग्नलला त्यांनी स्वतःच पिशवी उघडली. लॉगबुक. डिसेंबर १९७१ चं पान. तारीख, विमानाचा नंबर, किती मिनिटं उड्डाण. बस. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या सॉर्टीत माझा नंबर टू परत आला नाही." म्हणजे त्या उड्डाणात जोडीला असलेला पायलट. मागच्याने हॉर्न मारला, मी गाडी काढली. त्यांनी पान मिटलं.

हे त्यांना स्टेजवर सांगायचं होतं का? माहीत नाही. कदाचित दोन तास दिले असते तरी सांगितलं नसतं.

१९७१ लाच पाकिस्तानात युद्धकैदी झालेले पायलट दिलीप पारुलकर, त्यांची गोष्ट निदान लिहिली तरी गेली. रावळपिंडीच्या कैदेतून दोन साथीदारांसह भिंत फोडून निघाले, पार लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाण सरहद्द जवळ आलेली असताना पकडले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये तेही गेले. त्या लढाईतला सगळ्यात तरुण पायलटसुद्धा आज पंचाहत्तरीच्या आसपास आलाय. आणि आपण शाली विकत घेतोय.

कुणीतरी म्हणेलच, पायलटांचंच कौतुक का, रात्र-रात्र जागून जमिनीवर विमानं तयार ठेवणाऱ्या एअरमनचं काय? बरोबर आहे. त्यांनाही विचारा ना, अडवलंय कुणी?

आता राग जरा उतरलाय. शाल आणि नारळ माझ्या मागच्या सीटवरच राहिलेत. पिशवी मात्र काका विसरले नाहीत. रविवारी शाल द्यायला जातोय, "वेळ काढून ये" म्हणालेत. कुणाकडे आवाज नीट रेकॉर्ड करणारा माईक असेल तर दोन दिवसांसाठी द्या. त्यांचा आवाज हल्ली फार हळू झालाय.