‘६० हजारांत सरकारी फोर बाय फोर’ : फिरत्या मेसेजला माझं उत्तर

पावसाळा संपत आला की हा मेसेज ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा तो मला पाच जणांनी पाठवला. पाचवा होता कोपरखैरण्यातला एक मुलगा. त्याने मेसेजखाली लिहिलं होतं, “काका, अनामत भरू का?” कर्जतच्या पुढे त्यांचं थोडं शेत आहे आणि शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता जून ते ऑक्टोबर नुसता चिखल असतो. आईच्या नावावरची एफडी मोडायची त्याची तयारी झाली होती. तुर्भ्यात माझं गॅरेज आहे, वीसेक वर्षं मी जुन्या जिप्सी, जीप आणि बोलेरोच दुरुस्त करतोय. त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

मेसेज थोडक्यात असा आहे : पोलीस, वनखातं, लष्कर आपल्या जुन्या गाड्या लिलावात काढतात. ६० हजारांत चालू फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, मिळते. सरकारी गाडी म्हणजे वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली. मालक सरकारच, त्यामुळे कागदपत्रांची कटकट नाही. बोली जिंकली की किल्ली घ्या आणि चालवत घरी या. नाही पटली तर अनामत परत. आणि आर्मीचा हिरवा रंग तसाच ठेवला तर पुढे दुप्पट भाव.

लिलाव होतात, हे खरं आहे. एमएसटीसी ही १९६४ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची कंपनी आहे. तिच्या पोर्टलवर अनेक सरकारी खाती आणि लष्कर आपली निर्लेखित, म्हणजे वापरातून कायमची काढून टाकलेली, वाहनं विकतात. घरबसल्या बोली लावता येते आणि व्यवहार उघड असतो. मी स्वतः लिलावातून गाड्या घेतल्या आहेत, पुढेही घेईन. त्यामुळे ‘लिलावाच्या नादी लागू नका’ असं मी सांगणार नाही. पण बाकीच्या मेसेजमधलं एकेक वाक्य माणसाला खड्ड्यात घालणारं आहे.

‘जुन्या सरकारी गाड्या’ इथूनच सुरुवात करू. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारचा नियम लागू आहे : केंद्र, राज्य, महापालिका, सरकारी उपक्रम यांच्या नावावरच्या गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं पूर्ण झाली की संपते. तिचं नूतनीकरण होत नाही, आणि आधी करून घेतलं असेल तर तेही रद्द समजलं जातं. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच मोडायची असते. देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वापरात असलेली खास वाहनं तेवढी यातून वगळलेली आहेत. म्हणजे एखाद्या खात्याची २००८ ची बोलेरो लिलावात दिसली तर ती रस्त्यावर आणण्यासाठी तुम्हाला विकलेली नाही. त्या लॉटच्या, म्हणजे एकत्र विकायला काढलेल्या त्या गाडीच्या किंवा गाड्यांच्या गटाच्या, अटी नीट वाचा, बोली फक्त स्क्रॅप केंद्रांसाठी खुली असल्याचं त्यात बहुधा सापडेल. म्हणून मी पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही, आरसीवरच्या पहिल्या नोंदणीच्या तारखेचा विचारतो. गाडीला साडेचौदा वर्षं झाली असतील तर मी तिच्याकडे बघतही नाही, कारण आपलं नाव चढेपर्यंत उरलेले सहा महिने कुठे जातात ते कळत नाही.

पोलीस ठाण्यांच्या आवारातल्या बेवारस गाड्यांचंही तसंच. त्यातले बरेच लॉट भंगार म्हणूनच निघतात. भंगार म्हणून घेतलेल्या गाडीवर पुन्हा नंबर चढवून देतो असं सांगणारा एजंट भेटला, तर त्याच्या चहालाही थांबू नका.

आता ‘फोर बाय फोर’. खात्यांच्या बहुतेक बोलेरो आणि सुमो मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या आहेत. उंच आहे, मागे स्टेपनी लटकते, दारावर खात्याचं नाव आहे, एवढ्यावरून पुढचा एक्सल जिवंत ठरत नाही. जिप्सीत फोर बाय फोरची यंत्रणा असते, पण ती चालते का हा प्रश्न वेगळा. तो प्रश्न न विचारल्याची किंमत मी मोजली आहे. २०१४ साली एका खात्याच्या लिलावातून मी एक जीप उचलली. पाटे चांगले, बॉडी चांगली, गिअरच्या बाजूला फोर बाय फोर लावायची दुसरी दांडीही होती. गॅरेजमध्ये आणून वर उचलली तर ट्रान्स्फर केसपासून (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी) पुढच्या एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे फिरता दांडाच नव्हता. कधीतरी त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, वाजायला लागले असणार, कोणीतरी शाफ्ट काढून ठेवला आणि गाडी वर्षानुवर्षं मागच्या चाकांवर पळत राहिली. दोष मी त्या खात्याला देत नाही. गाडी ‘जशी आहे जेथे आहे’ या तत्त्वावर विकली होती आणि मी खाली वाकून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून यार्डात जाताना मी जुनी चादर, टॉर्च आणि चाकाला लावायला लाकडाचे ठोकळे नेतो. लिलावातली गाडी बहुतेक वेळा बंदच असते, बॅटरी मेलेली असते, जॅक लावू देतील याची खात्री नसते. तरीही हाताने लावायच्या हबची (पुढचं चाक एक्सलला जोडणारा किंवा सोडणारा, चाकाच्या मधला भाग) जिप्सी किंवा जुनी जीप असेल तर इंजिन सुरू न करता पुढची सगळी यंत्रणा तपासता येते. मला हे एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवलं. गाडी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. दांडी टू-हायवर (ताकद फक्त मागच्या दोन चाकांना) आणि दोन्ही हब ‘फ्री’. खाली शिरून पुढचा शाफ्ट हाताने फिरवा, तो फिरला पाहिजे. अजिबात फिरला नाही तर एक्सलमध्ये किंवा ट्रान्स्फर केसमध्ये काहीतरी अडकलंय. मग कोणाला तरी दांडी फोर-हायवर (ताकद चारही चाकांना) टाकायला सांगा. आता शाफ्ट फिरता कामा नये, कारण तो मागच्या शाफ्टशी जोडला गेला आणि मागची चाकं जमिनीवर आहेत. दोन दात खेळ चालेल. पण सरळ फिरत राहिला तर दांडी नुसती हलतेय, आत काही होत नाहीये. शेवटी दांडी परत टू-हायवर आणून दोन्ही हब ‘लॉक’ करा. या वेळी शाफ्टला पुढची चाकं धरून ठेवतात. तरीही तो फिरला तर निदान एका बाजूचा हब पकडत नाही किंवा आतला एक्सल तुटलेला आहे. डिफरेन्शियलला (एक्सलच्या मधला, डाव्या-उजव्या चाकांत फिरकी वाटणारा गिअर) एक बाजू मोकळी मिळाली की तेवढ्यावर तो फिरतो, म्हणून या तपासणीतून एका बाजूचा बिघाडही सुटत नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि कपडे खराब होण्यापलीकडे खर्च नाही.

त्याच वेळी पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला, स्टिअरिंगच्या गोळ्यांपाशी बघा. पातळ झालेलं ग्रीस आणि ऑइल एकत्र होऊन टायरवर ओघळलं असेल तर एक्सलचं सील गेलंय. चारही टायर एका मापाचे आहेत का ते पाहा, वेगळ्या मापाच्या टायरांवर फोर बाय फोर लावणं म्हणजे ट्रान्स्फर केस पिळून काढणं. डिपस्टिक ओढा, ऑइल दुधी दिसलं तर आत पाणी शिरलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आपल्याकडे २००५ च्या २६ जुलैपासून पुराच्या गाड्यांची काही कमी नाही, आणि धुतलेल्या गाडीतही बेल्टच्या टोकाला गाळाची रेघ राहते. बटणावर लागणाऱ्या फोर बाय फोरची मात्र बॅटरीशिवाय तपासणी होत नाही. तिथे पुढचा एक्सल बिघडलाय असं धरूनच बोली ठरवावी.

‘वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली’ याबद्दल फार लिहीत नाही. काही ड्रायव्हर गाडी पोरासारखी जपतात, त्यांच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पण गाडी निर्लेखित झाल्यावर ती यार्डात दोन-तीन पावसाळे काढते. उरण-बेलापूरच्या खाडीची खारी हवा चेसिसला काय करते ते इथल्या कोणत्याही वेल्डरला विचारा. त्याच गंजात चेसिस नंबर पुसट झाला तर आरटीओत चेसिसची छाप कशी देणार?

‘कागदपत्रांची कटकट नाही’ हे तर उलटंच आहे. लिलावातल्या गाडीचे कागद नेहमीच्या सेकंडहँड गाडीपेक्षा वेगळे असतात. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५७ क्रमांकाचा स्वतंत्र नियम आणि ३२ नंबरचा फॉर्म आहे. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. सोबत आरसी, विमा, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचा विक्री पक्की झाल्याचा आदेश आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत. ही शेवटची प्रत बोली लावण्याआधीच मागा. एकदा पैसे भरून गाडी उचलली की त्या फाइलसाठी तुमच्याइतकी घाई कोणालाच नसते. मी एका गाडीसाठी सात महिने फेऱ्या मारल्या आहेत.

लष्कराच्या गाडीचं प्रकरण आणखी निराळं. तिच्यावर बाण असलेला लष्करी नंबर असतो आणि ती मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली नोंदलेली असते. ती लष्कराकडून सुटली की तिला साध्या गाडीसारखी नोंदणी नव्याने करावी लागते, म्हणजे नुसतं नाव बदलून भागत नाही. म्हणून डिस्पोजलच्या जिप्सीवर बोली लावण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारा : या सालच्या, या मॉडेलच्या गाडीची नोंदणी कराल का, आणि कोणत्या कागदांवर? ठाण्याला एमएच-०४, वाशीला एमएच-४३, पनवेलला एमएच-४६. आपला पत्ता ज्यांच्या हद्दीत आहे त्यांचंच उत्तर कामाचं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मित्राच्या गाडीला नंबर मिळाला म्हणून आपल्या गाडीला मिळेल असं धरू नका.

‘किल्ली घ्या आणि चालवत घरी या’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. सरकारी कामासाठीच्या केंद्र आणि राज्य सरकारच्या गाड्यांना सक्तीच्या विम्यातून कायद्यानेच सूट आहे. म्हणजे लिलावात मिळालेल्या गाडीचा विमा संपलेला नसतो, अनेकदा तो कधी काढलेलाच नसतो. ती गाडी तुमची झाली की ती सूट संपली. अशा गाडीला ब्रेकचा भरवसा नसताना ठाणे-बेलापूर रोडवर काढायची आणि कोणाला तरी उडवायचं, तर नुकसानभरपाई आयुष्यभर तुमच्या खिशातून जाईल. गाडी टेम्पोवर किंवा क्रेनच्या गाडीवर टाकूनच आणा. दोरीने टोचनसुद्धा करू नका.

पैशांचं सांगतो. समजा बोली दीड लाखाला तुटली. लॉटच्या अटीत १८ टक्के जीएसटी लिहिला असेल आणि तो पूर्ण रकमेवर असेल तर २७ हजार तिथेच वाढले. त्यावर अटीत असेल तो टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने वसूल करायचा आयकर. सरकारी नावावर कर माफ असलेली गाडी खासगी नावावर येताना रस्ताकर भरावा लागतो, तो वेगळा. उचलायला उशीर झाला तर यार्डाचं जागाभाडं. मग बॅटरी, पाच टायर, सगळे होज पाइप, ब्रेक, क्लच, विमा आणि पुढे १५ वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग. मी गिऱ्हाइकाला सांगतो की चांगल्या स्थितीतल्या तशाच गाडीचा बाजारभाव कागदावर लिही, त्यातून हे सगळं वजा कर, उरेल तो तुझा शेवटचा आकडा. ६० हजारांच्या गाडीचं हे गणित मी अनेकदा केलंय, ती ६० हजारांत कधीच बसली नाही.

आणि अनामत. बोली हरलात तर ती परत मिळते. जिंकून मागे हटलात तर जप्त होते. शिवाय सगळ्यात मोठी बोली तुमची असली तरी अनेक लॉट खात्याच्या मंजुरीच्या अधीन असतात, राखीव किंमत गाठली नाही तर नकार येऊ शकतो. अनामत कायम पोर्टलच्या खात्यातच भरायची. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, गाडी लिलावाआधी देतो, यूपीआय करा’ असं म्हणणारा माणूस चोर आहे, त्याने गणवेशातला फोटो पाठवला तरी.

हिरव्या रंगाचं एका ओळीत संपतं : केंद्रीय नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. खासगी नावावर आणायची तर रंग बदलावाच लागतो. ज्यांना मोठे टायर आणि उंच सस्पेन्शन टाकायचंय त्यांनी हेही लक्षात ठेवावं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय.

कोपरखैरण्याच्या त्या मुलाबरोबर मी मागच्या आठवड्यात यार्डात गेलो. त्याने निवडलेली जिप्सी दिसायला देखणी होती. हब लॉक केल्यावरही पुढचा शाफ्ट हातात गरगर फिरत होता. खाली तोच शिरला होता, त्यालाच कळलं. हब आणि एक्सलचा खर्च धरून त्याने आपला आकडा कमी केला, बोली त्याच्या वर गेली आणि तो थांबला. अनामत परत आली, एफडी मोडावी लागली नाही. पुढच्या लॉटची पाहणी येत्या गुरुवारी आहे. २०१४ ची गाडी आहे, आरसीची प्रत त्याने आधीच मागवून घेतलीय. चादर या वेळी तो स्वतःची आणणार आहे.