तिकडंबी असतीलच की

आज शाळेतून आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. भाकरी थापल्या, घरच्यांना वाढलं, माझ्या घशाखाली घास उतरला नाही. लिहून काढते. मोठं होईल, तरी वाचा.

नववीला परिसंस्थेतला ऊर्जाप्रवाह चालू होता. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. दर पायरीला ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा वर जातो, बाकीची संपते. एवढं पुस्तकात आहे. पुढचं मी माझ्या मनानं सांगितलं. म्हटलं पोरींनो, ऊर्जा वर जाताना घटते, पण पारा वर जाताना वाढतो. शेवाळात कणभर, ते खाणाऱ्या बारक्या जिवात थोडा जास्त, बारक्या माशात त्याहून जास्त, मोठ्या माशात आणखी. आणि असले मासे रोज खात तीस-चाळीस वर्षं जगणारी समुद्रातली डॉल्फिन असेल, तर तिच्या यकृतात किती साठत असेल, विचार करा. मागच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी. म्हणाली, "मॅडम, मग तिच्या पिल्लाचं काय होतं?"

घंटा झाली. उत्तर राहून गेलं.

स्टाफरूममध्ये मोठ्या कौतुकानं हे सांगितलं, तर एक सर म्हणाले, "मॅडम, इथं टँकरच्या खेपा मोजायच्या दिवसांत तुम्ही डॉल्फिन कुठून आणलं? मराठवाड्याला समुद्र हाय का?" आणि बाकीचे हसले. दहा वर्षं ज्यांच्यासोबत डबा उघडून बसते, ती माणसं हसली.

मला आजी आठवली. म्हणजे आजीची ती होडी.

२०११ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आजीला तारकर्लीला नेलं होतं. बाईचा सगळा जन्म गंगाथडीत गेलेला. (आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच.) समुद्र पहिल्यांदाच बघत होती. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून होडी निघाली. आजी डोक्यावरचा पदर दातात धरून, मांडीवर पिशवी घट्ट आवळून बसलेली. पिशवीत ओटीचं सामान होतं, घरून नेलेला नारळ होता. नावाड्यानं मशीन बंद केलं. सगळे गप्प. आणि अगदी जवळ पाणी फुटलं, राखाडी पाठ वर आली, पाठीवर उंचवटा, आणि आवाज आला, फूऽऽस.

आजी म्हणाली, "माय! ही तर म्हशीवानी दम सोडायली."

नावाडी खूश झाला. म्हणाला, बरोबर ओळखलंत आजी, मासो न्हय तो.

चौथीपर्यंतसुद्धा न शिकलेल्या बाईनं एका आवाजावरून ओळखलं, जे आम्ही पोरांना तक्ते लावून शिकवतो. हिला कल्ले नाहीत. फुप्फुसं आहेत. वर येऊन हवा घ्यावी लागते. साधारण वर्षभर पोटात पिल्लू वाढवते, एकच जन्माला घालते, आणि पुढं दोन-दोन वर्षं अंगावर पाजते. पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेली जी डॉल्फिन आम्ही बघितली, ती हंपबॅक. ती खोल समुद्रात जात नाही. उथळ पाणी, खाडीचं तोंड, नदी समुद्राला मिळते ती जागा, हेच तिचं घर. म्हणजे नदी जे जे घेऊन येईल, ते सगळ्यात आधी हिच्या दारात.

विष हिच्या अंगात जातं ते मुख्यतः खाण्यातून. बांगडा, तारली, माकूळ. माकुळातून कॅडमियम हा विषारी धातू येतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. पारा नदीतून, हवेतून येऊन खाडीच्या चिखलात बसला की तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. पारा आहे त्यापेक्षा हे रूप कितीतरी वाईट, कारण ते शरीरात सहज शिरतं आणि बाहेर पडायचं नाव घेत नाही. मेंदूत जातं. डॉल्फिनचं सगळं जगणं आवाजावर. अंधाऱ्या गढूळ पाण्यात आवाज सोडायचा, परत आलेल्या आवाजावरून मासा कुठं, खडक कुठं, पिल्लू कुठं ते ओळखायचं. अशा जनावराच्या मेंदूत पारा घालणं म्हणजे काय, हे मला सरांना विचारायचं होतं. विचारलं नाही. तोंडातून शब्दच फुटला नाही तेव्हा.

हो, ज्वालामुखीतूनही पारा येतो, आणि डॉल्फिनचं शरीर सेलेनियम नावाच्या मूलद्रव्याच्या मदतीनं यकृतातला बराच पारा बांधून ठेवतं. मान्य. तिनं तिच्यापुरती सोय केलीय. आपण काय केलंय?

दगडी कोळशात पारा असतो. कोळसा जळला की तो वाफ होऊन धुराड्यातून वर जातो, महिनोन्‌महिने हवेत फिरतो, कुठल्या तरी पावसाबरोबर कुठंतरी उतरतो. वीज मराठवाड्यातल्या घरात जळते, विदर्भातल्या घरात जळते, मुंबईत जळते. मग 'आम्हाला समुद्र नाही' हे बोलायला कुणाला तोंड आहे? माझ्याही घरात दोन पंखे चालू आहेत हे लिहिताना. आणि फुटलेला थर्मामीटर, जुनी ट्यूबलाइट उकिरड्यावर आपणच टाकतो ना? आम्ही शाळेत असताना प्रयोगशाळेतला पारा तळहातावर घेऊन गोळ्या पळवायचो. कुणी ओरडलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं.

जपानमधलं मिनामाता मी दर वर्षी शिकवते. तिथल्या एका रसायन कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी १९३२ पासून १९६८ पर्यंत खाडीत जात होतं. आधी मांजरं झटके येऊन, वेड्यासारखी गिरक्या घेत मेली. मग माणसं. १९५६ साली हा आजार म्हणून नोंदला गेला, आणि त्यानंतरही बारा वर्षं ते पाणी सुटतच राहिलं. बारा वर्षं! पण मला दर वेळी रडू येतं ते आयांच्या गोष्टीला. आई दिसायला धडधाकट, आणि तिचं बाळ मात्र जन्मतःच लुळं, मान न धरणारं. तोवर डॉक्टर समजायचे की वार, म्हणजे पोटात बाळाला पोसते ती, बाळाला विषापासून वाचवते. इथं वारेतूनच पारा बाळात गेला होता. जपानी लोक बाळाची नाळ वाळवून डबीत जपून ठेवतात. पुढं शास्त्रज्ञांनी घराघरांतल्या त्या नाळा तपासल्या, तर त्यात पारा सापडला. आपल्याकडं नाळ पुरतात. आपली कुणी तपासली नाही.

तर पोरी, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. पिल्लू पाण्यात पडायच्या आधीच त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं.

आता ती होडीतली पुढची गोष्ट. ही मी आजवर लिहिली नव्हती.

त्या डॉल्फिनच्या बाजूला एक पिल्लू होतं. ती वर आली की तेही वर यायचं, आईच्या अगदी बरगडीला चिकटून. आजीनं मला कोपरानं ढोसलं. "पाजती का गं ही?" मी म्हटलं, हो, पोटाखाली चिरेत सड असतात, पिल्लानं तोंड लावलं की ती दुधाची धार सोडते. आजी बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्या म्हशीनंबी पाजलंच की."

होडीत दुसऱ्या कुणाला ते कळलं नाही. मला कळलं.

१९९८. मी सातवीत. आजोळच्या शिवाराला लागून ओढ्याच्या वरच्या अंगाला एक भट्टी सुरू झाली होती. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या पट्ट्या वितळवून शिसं काढायचं. बाहेरगावची माणसं होती, रात्री पेटवायची, पहाटे विझवायची. बॅटऱ्यांचं आम्लाचं पाणी सरळ ओढ्यात. ओढ्याकाठच्या गवतावर काळपट थर दिसायचा. आजीची म्हैस त्याच ओढ्याला पाणी प्यायची, तेच गवत खायची. त्या साली व्याली. वगारू छान होतं, कपाळावर चांदणी. दीडेक महिन्याचं झालं आणि गोल गोल फिरायला लागलं. भिंतीला डोकं लावून उभं राहायचं. करकर दात खायचं. डोळ्यासमोर हात नेला तरी पापणी हलायची नाही. आजीनं दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या उतरवल्या. तिसऱ्या दिवशी ते गेलं. जनावरांचे डॉक्टर आले ते भट्टीकडं एकदा बघून म्हणाले, शिसं आहे हे. लहान जिवाला आधी धरतं.

शिसं पाऱ्यासारखं पायरीपायरीनं वाढत जात नाही. ते हाडात जाऊन बसतं, कॅल्शियमच्या जागेवर. आणि आई गाभण असताना, पाजत असताना तिच्या हाडांतलं कॅल्शियम सुटतं, तेव्हा त्याच्याबरोबर शिसंही सुटतं. म्हशीचं तसंच, बाईचं तसंच, डॉल्फिनचंही. आई आपली हाडं झिजवून लेकराला पाजते, आणि त्यातूनच त्याला विष जातं, आणि तिला पत्ता नसतो. माझ्या आजीला कितीतरी वर्षं वाटत होतं की तिनं खरवस आधी शेजारी वाटला, देवाला दाखवायचा राहिला, म्हणून वगारू गेलं. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या भट्टीवाल्यांना कधीच माफ करणार नाही. दोन वर्षांनी ते एका रात्रीत सामान उचलून पसार झाले. ग्रामपंचायतीत ज्यांनी डोळे झाकले ते पुढं निवडूनही आले. काळी माती तिथंच आहे. शिसं जळत नाही, कुजत नाही. दर पावसाळ्यात थोडं थोडं ओढ्यात उतरतं. ओढा गंगेला मिळतो.

आणि गंगा कुठं जाते, सर? भूगोल तुम्ही शिकवता. पैठणचा नाथसागर, मग बीड, परभणीच्या कडेकडेनं नांदेड, विष्णुपुरी, बासर, सगळा तेलंगण, राजमहेंद्री, धवळेश्वरम, आणि अंतर्वेदीला बंगालच्या उपसागरात. त्र्यंबकेश्वरपासून १,४६५ किलोमीटर. मराठवाड्याला समुद्र आहे. लांब आहे, एवढंच.

धरणांत गाळ अडतो, सगळं काही समुद्रापर्यंत जात नाही, हेही ठाऊक आहे मला. म्हणजे बाकीचं आपल्याच पाण्याच्या तळाशी बसलं. ह्यात समाधान मानायचं का?

कायद्यानं डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. जाळं लावून मारणाऱ्याला तुरुंग आहे. तिच्या दुधात विष कालवणाऱ्याला कुठल्या कलमाखाली धरायचं? पाऱ्याबद्दल २०१३ साली मिनामाताच्याच नावानं जगभराचा करार झाला, २०१८ मध्ये भारतानंही तो मान्य केला. चांगलंच झालं. पण करार झाला म्हणून आजीच्या ओढ्याची माती कोण उचलणार आहे?

राग आता जरा उतरलाय. त्या सरांबद्दल वाईट लिहायचं नव्हतं मला. त्यांच्या गावाला ह्या उन्हाळ्यातही विहीर आटलीय, वडील म्हातारे आहेत, सुट्टीच्या दिवशी ते स्वतः घागरी वाहतात. पाण्याचे हाल मी नाकारत नाही, पहाटे चारला उठून नळाची वाट मीही बघितलीय. पण सर, तहान लागलेल्या माणसालाच पाण्याची किंमत कळायला पाहिजे ना? आपल्यालाच नाही कळली तर मुंबई-पुण्याला कळणार आहे का?

होडी परत फिरली तेव्हा आजीनं विचारलं, "आपली गंगा हितंच येती का गं?" मी म्हटलं, नाही आजी, आपली पलीकडच्या समुद्राला जाते, आंध्रात. तिनं थोडा विचार केला. "मग तिकडंबी असतीलच की ह्या."

मी म्हटलं, हो. आहेत.

"अन् आपल्या वढ्याचं पाणी?"

मी काही बोलले नाही. तिनंही परत विचारलं नाही. पण काठाला उतरल्यावर सगळ्या बायकांनी समुद्राची ओटी भरली, हिनं पिशवी उघडलीच नाही. आईनं दोनदा म्हटलं, तरी नाही. तो नारळ तसाच कोकणातून परत आला. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन गंगेवर गेली, गुडघाभर पाण्यात उतरली, हळद-कुंकू लावलं आणि नारळ धारेला सोडला. हात जोडून पुटपुटली, "जा बाई. लेकुरवाळीला दे."

आजी जाऊन आता सहा वर्षं झाली. उद्या पहिला तास नववीचा आहे, आणि त्या पोरीला उत्तर द्यायचं राहिलंय. भारताचा मोठा नकाशा कपाटावरून काढून ठेवलाय.